पेवातलं उत्तर

आमच्या सांगलीत एके काळी बुद्धिबळाचं वेड इतकं होतं, की वरातीतला घोडा मांडवाकडे सरळ जायचाच नाही. अडीच घरं चालून आडवा उभा राहायचा आणि नवरदेवाला उतरून पायी जावं लागायचं. महापुराच्या वर्षी दोन खेळाडू रंगात आलेल्या पटासकट कृष्णेत वाहून गेले, ते अंकलीच्या पुलाखाली बरोबरी मान्य करूनच काठाला लागले. एकाच्या मिशीत मासा अडकला होता. हे मी स्वतः पाहिलंय असं आजवर अनेकांना सांगितलं आणि ज्यांनी विश्वास ठेवला नाही त्यांना चहा पाजला नाही.

आता सांगतो त्या गोष्टीत मासा नाही. हळदीचा व्यापारी आदगोंडा मगदूम आहे, त्याची लेक सन्मती आहे आणि एक यंत्र आहे. मी, दिलावर मुजावर, आहे तो पंच म्हणून. स्पर्धांमध्ये पंचाचं काम केलं. म्हणजे दोन माणसं एकमेकांचा जीव घेत असताना मध्ये उभं राहून गप्प बसलो. सगळं गाव मला पंच म्हणतं आणि आदगोंडाला अण्णा.

मगदुमांची हरिपुरात हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंडाशी अरुंद नि पोटात ऐसपैस. हळद ओतायची, तोंड लिंपायचं. वर्षं गेली तरी माल जसाच्या तसा. लागेल तेव्हा उघडायचं. मात्र उघडल्याबरोबर आत उतरायचं नाही. कोंडलेल्या हवेनं माणूस तिथल्या तिथं आडवा होतो. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला, तर थांबायचं.

सन्मतीनं पंधराव्या वर्षी संगणकावर बुद्धिबळ खेळणारा गडी बनवला. नाव ठेवलं गुंडू. चाली तो तिच्याच आवाजात बोलून दाखवायचा. अण्णांना नि मला बसवून तिनं त्याचं पोट उघडून दाखवलं.

"एकाच मांडणीला वेगवेगळ्या वाटांनी पोचता येतं ना, अण्णा? घोडा आधी नि उंट मग, नाहीतर उंट आधी नि घोडा मग. शेवटी पट तोच. मग गुंडूनं पुन्हा डोकं का झिजवायचं? एकदा विचार केला की उत्तर ठेवून द्यायचं. ही मांडणी आली, की आपण जिंकतोय आणि चाल ही. बस्स. मी त्याला पेवच म्हणते."

"आणि कंदील?" अण्णा म्हणाले.

"कसला कंदील?"

"पेव उघडल्यावर सोडायचा."

"संगणकात हवा नसते, अण्णा."

"नसंल बापडी."

डाव सुरू झाला. गुंडूनं अण्णांना अक्षरशः सोलून काढलं. त्याच्याकडे वजीर आणि हत्ती, अण्णांकडे राजा आणि दोन दमलेली प्यादी. गुंडूनं वजिराचा शह दिला, अण्णांचा राजा बाजूला झाला. गुंडूनं पलीकडून शह दिला, राजा परत आला. पुन्हा पहिला शह. असंच आणखी एकदा फिरून झालं. सन्मती टाळ्या पिटत होती. अण्णांनी मात्र हात मागं घेतला, आपली चाल न खेळता कागदावर लिहिली, घड्याळ थांबवलं आणि मला रीतसर हाक मारली.

"पंच, ही चाल खेळली की तीच मांडणी तिसऱ्यांदा येते. बरोबरीचा हक्क सांगतोय."

नियम तसाच आहे. तीच मांडणी तीनदा आली की बरोबरी. पण ती आपोआप मिळत नाही, हक्क सांगावा लागतो. मी तपासलं आणि मान्य केलं.

पोर रडायला आली. "पण गुंडू जिंकत होता!"

"जिंकतच होता की," अण्णा म्हणाले, "तिन्ही वेळा."

घोळ असा होता: पेवात पट होता, वाट नव्हती. 'इथून आपण जिंकतो' एवढं गुंडूला ठाऊक. इथं आपण कितव्यांदा आलो, हे कुठंच लिहिलेलं नाही. जेवढ्या वेळा तो तिथं आला तेवढ्या वेळा त्यानं खुशीत पेवात हात घातला आणि तीच चाल बाहेर काढली.

सन्मतीनं आठवडाभरात दुरुस्ती केली. पेवात हात घालण्याआधी गुंडूनं झालेल्या मांडण्यांची माळ ओढून बघायची. आणखी एक युक्ती केली: विचार करताना एखादी मांडणी दुसऱ्यांदा दिसली, की तिसरीची वाटच बघायची नाही, तिथंच तिची किंमत शून्य धरायची. जे एकदा फिरून आलं ते पुन्हा फिरूनच येणार. त्यात वेळ कोण घालवणार? शून्य म्हणजे नफा नाही, तोटा नाही, दखल घ्यायचं कारण नाही. बुद्धिबळापुरती ही युक्ती बावनकशी आहे. अण्णांनी तिची पाठ थोपटली.

"जिंकत असलीस तर आल्या घरी परत जायचं न्हाई, पोरी. वाट बदलायची. ध्यानात ठेव."

तिनं ठेवलं. कोणती पोर बापाचं इतकं ऐकते?

वीस वर्षांनी सन्मती परदेशात, तालिनला होती. तिकडे समुद्रसुद्धा गोठतो म्हणे. तिची आई गेली त्या वर्षी ती आली आणि अण्णांच्या आरामखुर्चीसमोर एक पडदा लावून गेली. तिनंच बनवलेल्या त्या वस्तूचं नाव 'हजेरी'.

"बोलणं म्हणजेही डावच असतो, काका," तिनं मला समजावलं. "एक वाक्य, त्यावर दुसरं, मग तिसरं. यंत्र चार वाक्यं पुढचं बघतं आणि अण्णा खूश होतील ती चाल निवडतं. चेहरा माझा, आवाज माझा. अण्णांची तब्येत बिघडली, मन खचलं, तर मला तिकडे खूण येते आणि मी स्वतः फोन करते."

"मग तू आणि हे यंत्र, मला कळायचं कसं?" अण्णांनी विचारलं.

"कळणार नाही, तेच तर कसब! पण रविवारी मीच असेन. शब्द देते."

"कळतच नसंल तर रविवार कशाला खर्ची घालतीस?"

ती हसली. मीही हसलो. अण्णांनी थट्टा केली असं आम्हाला वाटलं.

बघता बघता हजेरी घरोघर झाली. पुण्यातल्या, कॅनडातल्या मुलांनी गावाकडे आपापले चेहरे टांगले. गावभागातल्या एका व्यापाऱ्यानं बायकोसमोर स्वतःची हजेरी लावली. तिनं कंटाळून त्याच्यासमोर स्वतःची लावली. दोन्ही हजेऱ्यांचं इतकं जमलं, की त्या गप्पांत व्यत्यय नको म्हणून नवरा-बायको घटस्फोटाचं बोलायला बागेत भेटायची. हे थोडं फुगवून सांगतोय, पण थोडंच.

अण्णा मजेत होते. संध्याकाळी मी गेलो की पडद्यातली सन्मती म्हणायची, "पंचकाका, आज हरलासा न्हवं?" आणि खरंच मी हरलेलो असायचो. तेव्हा वाटायचं, बरी आहे की ही सोय.

मग एकदा अण्णांनी उंटाच्या घरात हत्ती मांडला. मी तो जागच्या जागी सरकवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा कपाशेजारी ओतला.

"काचबिंदू हाय," ते फडक्यानं मेज पुसत म्हणाले. "डोळ्यापुढं धूर येतो. सन्मतीला सांगितलंय. तिनं लगेच फोन करून मिरजेचा डॉक्टर ठरवला, थेंब चालू केले. तुम्ही त्यात पडू नका."

"आणि धूर?"

"वाढतोय. तेबी सांगितलंय तिला. बघंल ती."

या विकारात गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की उरलेली सांभाळा. अण्णांनी त्या उरलेल्या नजरेचा हिशेब मनाशी मांडला होता आणि त्यात एकच गोष्ट बसत होती. मी समोर असतानाच ते पडद्याला म्हणाले, "सन्मती, एकदा समोर येऊन बस. एक डाव खेळू, डोळं हायत तवर. तुझं तोंड बघून हरायचंय मला."

पडद्यातल्या सन्मतीनं डाव्या कानामागं केस सारले, क्षणभर खाली पाहिलं. "अण्णा, दिवाळीनंतर येते. नक्की. तुमची शपथ."

अण्णांचा चेहरा असा उजळला, की मी त्या यंत्राला मनातल्या मनात सलाम केला.

दिवाळी आली. गेली. तिची वाट बघून लाडू कडक झाले. भाऊबीज उलटल्यावर अण्णांनी पुन्हा विषय काढला.

"दिवाळीनंतर येते, अण्णा. नक्की."

"अगं, दिवाळी झाली की परवा!"

"हो ना. म्हणूनच म्हणते, दिवाळीनंतर."

मला हसू आलं. अण्णा हसले नाहीत. पट बघताना करायचे तशी त्यांनी मान तिरकी केली. "आज वार कंचा, पंच?"

"गुरुवार."

"मग ठीक. हे यंत्र हाय. रविवारी विचारतो."

रविवारी त्यांनी सन्मतीच्या आईच्या लिंबाच्या लोणच्यापासून सुरुवात केली. तिथून आजोळ, आजोळावरून प्रवास, प्रवासावरून 'एकदा समोर येऊन बस'. कानामागं केस, खाली नजर. "अण्णा, दिवाळीनंतर येते. नक्की. तुमची शपथ." पुढच्या रविवारी वाट पार बदलली. महापूर, पुरात बुजलेली पेवं, बुजलेल्या पेवांवरून म्हातारपण, म्हातारपणावरून तोच प्रश्न. तेच केस, तोच कान, तीच शपथ.

सराईत खेळाडू समोरच्याची तयारी अशीच जोखतो. वेगळ्या वाटेनं त्याच मांडणीवर आणायचं आणि बघायचं, तो विचार करतो की पाठ केलेलं खेळतो.

तिसऱ्या रविवारी अण्णांनी मला बोलावलं. "पंच, आज हुद्द्यानं या. शर्ट इस्त्रीचा घाला."

मी गेलो. पडद्यासमोर मेज, मेजावर बुद्धिबळाचं जुनं घड्याळ, त्याची टिकटिक चालू. अण्णा सन्मतीशी गुंडूविषयी बोलत होते, ती खळखळून हसत होती. बोलता बोलता ते थांबले. वाक्य तोंडात आलेलं, पण बोलले नाहीत. पेन उचललं, कागदावर मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, घड्याळ थांबवलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"ही चाल खेळली की तीच मांडणी तिसऱ्यांदा येते. पडताळा घ्या."

मी आयुष्यात खूप पडताळे घेतले; पण असा कधी नाही. मी पडद्यासमोर गेलो आणि कागदावरचं वाक्य माझ्या आवाजात, माझ्या पांढऱ्या दाढीसकट वाचलं. "एकदा समोर येऊन बस. एक डाव खेळू, डोळं हायत तवर."

सन्मतीनं डाव्या कानामागं केस सारले. खाली पाहिलं. मला म्हणाली, "अण्णा, दिवाळीनंतर येते. नक्की. तुमची शपथ."

पेवात पट होता. समोर कोण बसलंय, तेही नव्हतं.

"कंदील विझला, पंच," अण्णा म्हणाले. मग पडद्याकडे तोंड करून खणखणीत बोलले, "बरोबरी."

"नको, अण्णा! अजून खेळू या की."

"मागत न्हाई मी. हक्क सांगतोय. तिसऱ्यांदा."

पडद्यातला चेहरा थिजला. आणि आतून, कुठून तरी फार खालून, वेगळाच आवाज आला. पातळ, सर्दी झालेला, पंधरा वर्षांच्या पोरीचा. "डाव संपला. बरोबरी झाली."

त्या एवढ्या मोठ्या यंत्राच्या बुडाशी अजून गुंडूच बसलेला होता. वरती मजले चढले, पण पाया कुणी उकरला नव्हता. अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले. आवाज पुन्हा यावा म्हणून, पण डाव संपला होता.

डाव संपल्याची खूण मात्र तालिनला गेली. थोड्या वेळानं फोन वाजला. मी उचलून अण्णांसमोर धरला. आत एक थकलेली बाई, केस कापलेले, कानामागं सारायला काहीच नव्हतं.

"अण्णा? अण्णा, बोला की."

अण्णा फोनच्या अगदी जवळ आले. "कोण?" त्यांनी विचारलं.

नजर अधू म्हणून विचारत होते की आणखी कशासाठी, हे मी त्यांना विचारलं नाही.

ती आली. रजा, व्हिसा, कंपनीचं काहीतरी मोठं काम, असं करत अक्षय्य तृतीयेला आली. दिवाळीनंतरच म्हणायचं. तोवर धूर संपून अंधार झाला होता.

स्वयंपाकघरात कप विसळत ती माझ्याशी बोलली. "खूण का आली नाही, ते शोधलं मी, काका. अण्णांनी पहिल्यांदा धूर म्हटलं तेव्हा आली होती. मग ते परत परत तेच सांगत राहिले. धूर वाढलाय, धूर वाढलाय. यंत्राला ती तीच मांडणी वाटली. दुसऱ्यांदा आली, की शून्य. माझीच युक्ती. दर वेळी शून्य."

"माणूस तेच परत सांगतो तेव्हा ते तेच नसतं, बाळ."

"कळतंय मला!"

"आणि रविवार?"

तिनं धुतलेला कप पुन्हा धुतला. "आधी एक चुकला. त्यांना कळलं नाही. मग दुसरा. तरी कळलं नाही. वाटलं, चालतंय त्यांना."

"अण्णांनी ओळखलं नाही म्हणून तुला राग आला?"

"थोडा," ती म्हणाली. खरं बोलली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी तरी पेवाबाहेरचं बोललं होतं.

निघायच्या दिवशी दुपारी ती अण्णांसमोर बसली. मी त्यांच्यासाठी अंधांचा पट आणला होता. काळी घरं उंच, प्रत्येक घराला भोक, सोंगटीला खाली खुंटी. अण्णा बोटांनी खेळत. गाडी सांगून ठेवलेली, पुण्याहून रात्रीचं विमान.

ती चांगली खेळली. अण्णाही खेळले, पण बोटांना डोळ्यांचं काम येत नाही. शेवटी तिच्याकडे वजीर आणि हत्ती, अण्णांकडे राजा आणि दोन प्यादी. तिनं शह दिला, राजा बाजूला. पलीकडून शह, राजा परत. पुन्हा पहिला शह. मी पाहिलं, सन्मतीच्या ओठांवर हसू होतं. ती मुद्दाम तसं खेळत होती. बापाला त्याचा जुना डाव परत देत होती.

तिसऱ्यांदा तीच मांडणी आली.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "सांगा की हक्क."

अण्णांनी घड्याळाला हात लावला नाही. राजा उचलला, चाचपून शेजारच्या घरात रोवला.

तिनं शह दिला. त्यांनी राजा परत आणला. चौथ्यांदा. त्यांचा चेहरा निवांत होता. पाटावर पहिला घास घेतलेला माणूस असतो, तसा. तेव्हा मला उमगलं. हक्क सांगितला की बरोबरी, बरोबरी झाली की डाव संपला, डाव संपला की गाडी. त्यांना बरोबरी नको होती. त्यांना समोर बसलेली पोर हवी होती, शहामागून शह देणारी, संध्याकाळपर्यंत, जमलं तर उद्यापर्यंत. पाचव्यांदा तीच मांडणी आली की पंचानं स्वतः डाव थांबवायचा, असा नियम आहे. मी ठरवून टाकलं होतं, आपल्याला मोजता येत नाही.

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

सन्मतीनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग पटाकडे. तिच्या कपाळावर ती जुनी आठी पडली, आणि तिनं शह द्यायचं सोडून हत्ती शांतपणे एक घर खाली आणला. अण्णांनी बोटं फिरवली, थबकले. प्यादं ढकललं. तिनं वजीर उतरवला.

"मात, अण्णा."

अण्णांची बोटं राजाभोवतालच्या घरांवरून एकेक करून फिरली. सगळी बंद होती. ती फिरून झाल्यावर त्यांनी राजा आडवा केला आणि हात पुढं केला.

"शाब्बास. वाट बदललीस. आता अडकत न्हाईस तू."

ती त्यांच्या पाया पडली, रडली आणि गेली. विमान चुकलं नाही.

तालिनला पोचल्यावर तिनं चूक सुधारली. गुणी पोर आहे. चूक दिसली की तिला झोप लागत नाही. हजेरीचं पेव उपसलं, जुना गुंडू मुळासकट काढला. आता हजेरी झालेलं सगळं बोलणं ध्यानात ठेवते आणि दिलेलं उत्तर पुन्हा कधीच देत नाही. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून तिला दुवा मिळतात.

परवा रविवारी मी अण्णांकडे होतो. त्यांनी पडद्याला विचारलं, "कधी येतीस?"

"अण्णा, इकडे बंदर गोठलंय, सामान अडकलंय. ते सुटलं की येतेच."

त्याआधीच्या रविवारी शेजारणीच्या मांजराचं बाळंतपण होतं. त्याआधी विमानतळावरचा संप. एकाहून एक सरस कारणं. मिशीतल्या माशाची शपथ, मलासुद्धा सुचली नसती.

अण्णा पडद्याकडे कान करून शेवटपर्यंत ऐकतात. मग बोटांनी मेजावर जुनं घड्याळ शोधतात, त्याच्या डोक्यावर तळवा ठेवतात आणि दाबत नाहीत.

"नवी चाल हाय, पंच," ते म्हणाले. "आता बरोबरीबी न्हाई."